देव्हाऱ्यातली कवडी

एका गावात एक तपेलं होतं. माणसंही होती, त्यांची गोष्ट पुढे येईलच. पण आधी तपेल्याचं सांगते, कारण त्या गावात माणसांपेक्षा तपेल्याचाच मान मोठा होता.

गाव घाटाच्या पायथ्याशी होतं. तपेलं तांब्याचं, गावदेवीच्या मालकीचं, चांगलं हंड्याएवढं. आत मध्यावर भोकाभोकांची चाळण, वर घुमटासारखं झाकण आणि पोटाला झारीसारखी एक तोटी, तिला लाकडाचं बूच. वर्षभर ते देवळात पालथं पडलेलं असायचं. चैत्रात घाटावरची गुऱ्हाळं थंडावली आणि नव्या काकवीचे डबे बैलगाड्यांतून खाली उतरले, की देवीला काकवीच्या सांदणाचा नैवेद्य व्हायचा. त्या दिवशी तपेल्याचं भाग्य उजळायचं.

सांदण करायला काही फार लागत नाही. तांदळाच्या कण्या नारळाच्या दुधात भिजवायच्या, गुळाआधीची ती दाट, तांबूस काकवी त्यात ओतायची, ओले काजूगर, वेलची, चिमूटभर मीठ. पितळी वाडग्याच्या तळाशी आणखी थोडी काकवी घालून वर हे मिश्रण ओतायचं आणि वाडगा चाळणीवर ठेवून वाफवायचा. शिजलं की केळीच्या पानावर पालथा घालायचा. तळाची काकवी मग वरून चारी बाजूंनी ओघळत येते. हे बघताना ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही, त्याने वैद्याला नाडी दाखवावी.

नैवेद्य कोणाच्या घरी शिजायचा, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या घरी तपेलं वाजतगाजत जायचं आणि त्याच्याबरोबर लाल फडक्यात बांधलेली देवीची एक कवडी जायची. कवडी देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहायचं. तपेल्याचं झाकण कणकेने लिंपून टाकायचं, त्यावर ओलं फडकं घालायचं, आणि चूल पेटली की झाकण निघेपर्यंत घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. गाव त्याला ‘मुकी वाफ’ म्हणायचं. खरोखर कोणी बोलत नाही ना, हे ऐकायला गावातल्या दोन बायका ओटीवर राखणीला बसायच्या.

मध्ये एकदा तोटीतून गरम पाणी घालायचं असायचं. कधी घालायचं, ते अंदाजाने. लवकर घातलं तर पाणी उकळून चाळणीवर चढायचं आणि सांदणाचा गिचका व्हायचा. उशीर झाला तर तळ कोरडा पडून सांदण करपायचं. झाकण लिंपलेलं, त्यामुळे आत बघायची सोय नाही. ओल्या फडक्यातून वाफ निघतच राहायची, त्यामुळे बाहेरूनही काही कळायचं नाही. कधी साधायचं, कधी करपायचं. आणि करपलं की गावाला त्याचं एकच कारण ठाऊक होतं. घरात कोणीतरी बोललं.

असंच तीस वर्षांपूर्वी एका घरी करपलं होतं. तेव्हा चुलीपुढे बसली होती घरची लेक, बायजा. वीस वर्षांची, लग्न ठरलेली. ती शपथेवर सांगत होती, “मी नाही बोलले.” गाव म्हणालं, “मग करपलं कसं?” चार दिवसांत मुलाकडून निरोप आला, की जिला घटकाभर तोंड मिटून बसता येत नाही ती संसार काय करणार. लग्न मोडलं. त्या घराची चिठ्ठी टाकणं बंद झालं. बायजाला गावाने नाव ठेवलं, बोलकी.

गंमत बघा, त्या दिवसापासून बायजाचं बोलणंच कमी झालं. हो, नाही, जेवायला वाढू का, एवढ्यावर तिचे दिवस जायचे. देवळाला एकवीस पायऱ्या होत्या. ती नैवेद्याच्या जत्रेला जायची, पण खालच्या पायरीवर बसून तिथूनच हात जोडायची. ट्रंकेत लग्नासाठी घेतलेलं एक हिरवं लुगडं होतं. देवळात वर जाईन तेव्हा नेसेन म्हणून तिने ते ठेवून दिलं होतं, आणि दर दिवाळीला ऊन दाखवून पुन्हा घडी घालायची.

वर्षं गेली. बायजाच्या भावाच्या मुलाचं लग्न झालं आणि घाटावरून सून आली, मथुरा. गुऱ्हाळवाल्याची मुलगी, काकवीच्या वासात वाढलेली. हात चपळ आणि तोंडही चपळ. तिला एकच खोड होती, दिसेल त्या गोष्टीला ‘का?’ म्हणून विचारायचं. नवरा वैतागायचा. बायजाआत्या मात्र उत्तर द्यायची, आणि उत्तरं देता देता पूर्वीपेक्षा थोडी जास्त बोलायची.

त्या वर्षी देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाने गावकराला, म्हणजे गावच्या मानकऱ्याला, गळ घातली. “तीस वर्षं झाली. देवीनेसुद्धा एवढा राग धरला नसता. त्या घराची चिठ्ठी टाका आता.” गावकर कुरकुरत हो म्हणाला, पण बजावून, की पुन्हा असं काही झालं तर त्या घराचं नाव कायमचं पुसायचं. आणि नशीब बघा, चिठ्ठी नेमकी त्यांचीच निघाली.

बायजाआत्याला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती मथुरेला म्हणाली, “आधी घरात एकदा करून बघूया.”

घरच्या लहान मोदकपात्रात पाणी ओतून आत्याने खिडकीतला एक खापरीचा तुकडा उचलला आणि पाण्यात टाकला.

“हे का?” मथुरेने विचारलं. घाटावर त्यांच्याकडे वाफवायचे पदार्थ फारसे नव्हते.

“पाणी उकळायला लागलं की ही खडखड वाजते. आवाज थांबला की समजायचं, पाणी संपलं. मग घालायचं.”

मथुरेला ही युक्ती फार आवडली. सांदण उतरल्यावर तिने खापरी हातात घेऊन निरखून पाहिली. वर्षानुवर्षं उकळून तिच्या कडा गोल झाल्या होत्या आणि अंगावर पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर बसला होता.

“देवीच्या तपेल्यातही हिलाच टाकायची ना?”

आत्याने कपाळाला हात लावला. “काहीतरीच काय मथुरे? तिथे आवाज चालत नाही. मुकी वाफ असते ती.”

“मग पाणी संपलेलं कळतं कसं?”

“कळत नाही. देवीच्या मनात असलं तर होतं.”

आता सांगा. गावात एक घर असं नव्हतं जिथे घरच्या भांड्यात खापरी टाकायला कोणी विसरेल. पण देवाचं काम आलं की आपण चपलांबरोबर अक्कलही उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो. ही काही त्या एकाच गावाची गोष्ट नाही म्हणा.

नैवेद्याचा दिवस उजाडला. तपेलं आलं, कवडी आली. ओटीवर राखणीला दोघी येऊन बसल्या. त्यातली एक गोमतीकाकू. नऊ वर्षांपूर्वी तिच्याही घरचं सांदण करपलं होतं, आणि तेव्हापासून राखणीला बसायला ती सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिच्या कानाखालून मुंगी चालत गेली तरी तिला ऐकू यायचं.

मथुरेने मिश्रण कालवलं, वाडगा चाळणीवर ठेवला, झाकण लिंपलं. आत्याने चूल पेटवली. मौन सुरू झालं.

पहिला अर्धा तास बरा गेला. पुढे मात्र मथुरेचा जीव वरखाली व्हायला लागला. लाकडं खैराची होती, जाळ कडक होता. पाणी किती राहिलं असेल? आता घालावं का? की थांबावं? विचारावं तर तोंड उघडायची बंदी. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या दोन्ही ओठ दाताखाली धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीस वर्षांपूर्वी ती अशीच, याच जागी, याच तपेल्यासमोर बसली होती.

मथुरेला ते बघवेना. ती उठून देव्हाऱ्यापाशी गेली. आई, काय ते तूच बघ, असं मनात म्हणत तिने हात जोडले, आणि हात जोडता जोडता तिची नजर कवडीवर गेली. हळदकुंकवाखाली कवडीच्या अंगावर पांढरा थर होता. कडा झिजून गोल झालेल्या. मथुरेने तिला पदराने पुसलं. हळद वाहून कोणाच्या अंगावर क्षार चढत नाही. पूजेत बसून कवडी झिजत नाही.

ती लगबगीने चुलीपाशी आली. खिडकीतली खापरी घेतली, शेजारी कवडी ठेवली आणि दोन्ही तळहातावर धरून आत्यापुढे केल्या. मग तिने बोटाने तपेल्याची तोटी दाखवली.

आत्याने पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही, तीस वर्षं ती दुसरा विचारच करत नव्हती. पण समजलं तशी ती घाबरली आणि तिने मथुरेची मूठ घट्ट मिटून टाकली. ओटीवर गोमतीकाकू खाकरली. कवडी देव्हाऱ्यातून उचलणं हाच केवढा अपराध, त्यात ती वाजली तर घराचं नाव गेलंच. नाही टाकली तर कदाचित साधेलही. दर दोन-तीन वर्षांतून एकदा साधायचंच की. त्यातून करपलंच, तर निदान आपण नियम पाळला एवढं तरी म्हणता येईल.

आत्याने ते एकदा म्हणून पाहिलं होतं. नियम पाळून तिच्या पदरात काय पडलं, ते तिला पुरेपूर माहीत होतं.

तिने मथुरेची मूठ उघडली. कवडी घेतली, कपाळाला लावली, तोटीचं बूच काढलं आणि स्वतःच्या हाताने आत सोडली.

टक्. एवढाच आवाज आला, आणि पुढे काही नाही. कवडी कोरड्या तांब्यावर पडली होती.

मथुरेने झटकन गरम पाण्याचे दोन तांबे तोटीत ओतले. आत चर्र झालं. दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या. मग एकदा खड् वाजलं, परत एकदा, आणि बघता बघता कवडी पावसाळ्यातल्या पागोळ्यांसारखी एकसारखी वाजायला लागली.

गोमतीकाकू दारात येऊन उभी राहिली. तिने रिकामा देव्हारा पाहिला, वाजणारं तपेलं पाहिलं आणि तरातरा देवळाच्या वाटेला लागली.

आता व्हायचं ते होणार होतं. दोघी शांत बसून कवडी ऐकत राहिल्या. आवाज मंदावला की पाणी घालायचं, कवडी पुन्हा वाजायला लागली की थांबायचं. अंदाजाचं काम उरलं नव्हतं. झाकण उतरवलं तेव्हा घरभर काकवीचा वास पसरला.

मौन सुटल्यावर पहिलं वाक्य आत्या बोलली. “कोणी विचारलं तर मी टाकली म्हणायचं. माझं नाव आधीच खराब आहे, आणखी काय व्हायचंय.”

“टाकली तुम्हीच, आत्या,” मथुरा म्हणाली, “पण आणली मी. अर्धं पाप माझ्याकडे राहू दे.”

वाडगा डोक्यावर घेऊन मथुरा देवळाच्या एकवीस पायऱ्या चढली. आत्या खालच्या पायरीवर तिच्या नेहमीच्या जागी बसली. वर सगळं गाव जमलं होतं, आणि गोमतीकाकूने सांगायचं ते सांगून ठेवलं होतं, हे चेहऱ्यांवरून दिसतच होतं.

गुरवाने रीतीप्रमाणे विचारलं, “वाफ मुकी होती का, सूनबाई?”

मथुरेला पळवाट होती. आम्ही एक शब्दही बोललो नाही, असं ती म्हणाली असती तर ते खोटं नव्हतं. पण ती म्हणाली, “बोललो नाही, आजोबा. पण वाफ मुकी नव्हती. देव्हाऱ्यातली कवडी काढून आम्ही तपेल्यात टाकली. ती वाजत होती.”

लोक कुजबुजायला लागले. गावकर म्हणाला, “ऐकलंत ना? तीस वर्षांनी संधी दिली आणि हे असं. नाव पुसा या घराचं.”

“तिची चूक नाही.” खालून आवाज आला. इतका मोठा आवाज बायजाचा आहे हे ओळखायला लोकांना वेळ लागला. “कवडी मी टाकली. जे करायचं ते मला करा. तिच्या पोराबाळांचा मान काढू नका.”

गुरव म्हणाला, “आधी पालथं तर घाला. शिक्षा कुठे पळून जात नाही.”

मथुरेने केळीच्या पानावर वाडगा पालथा घातला, वरून दोन थापट्या दिल्या आणि हळूच उचलला. सांदण अख्खं उतरलं. लुसलुशीत, कुठे डाग नाही. तळाची काकवी वरून निघाली आणि चारी बाजूंनी सावकाश ओघळत पानावर आली. असं सांदण त्या देवळात कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

गावकर जरा नरमला, पण हटला नाही. “झालं असेल चांगलं. नियम तो नियम.”

“कुठला नियम, काका?” मथुरेने विचारलं. तिची जुनी खोडच ती. “बोलायचं नाही, हाच ना? तो आम्ही पाळला. पण तो केला कशासाठी होता? आज आम्ही दोघी गप्प होतो म्हणून मला कवडीचा बारीकसा आवाजही ऐकू आला. बोलत बसलो असतो तर पाणी कधी संपलं ते कळलं नसतं. मौन कवडी ऐकायला होतं. आपण मौन ठेवलं आणि कवडी देव्हाऱ्यात नेऊन बसवली.”

तिने ओली कवडी आणि घरची खापरी गुरवाच्या हातावर ठेवल्या. म्हाताऱ्याने त्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. दोन्हींवर तोच पांढरा थर, दोन्हींच्या कडा तशाच झिजलेल्या. मग त्याने तपेलं आणवलं आणि कवडी तोटीवर धरली. ती अलगद आत गेली आणि तळाशी जाऊन वाजली.

“मला ही माझ्या बापाने लाल फडक्यातच दिली,” गुरव म्हणाला. “मी तशीच पुढे देत राहिलो. कशासाठी, ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.” सगळ्या गावासमोर त्याने हे कबूल केलं, ते त्याचं मोठेपण.

गोमतीकाकू मटकन खाली बसली.

“म्हणजे माझ्या घरी कोणी बोललंच नव्हतं,” ती म्हणाली. “मी गावाला सांगितलं होतं, सासूबाई बोलल्या म्हणून. मला वाटलं, मी नाही तर त्याच असणार. त्या मरेपर्यंत म्हणत होत्या, मी नाही गं बोलले. मी त्यांना एकदाही खरं मानलं नाही.” आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

तिच्यामागून आणखी एक म्हातारी म्हणाली, “मीही नव्हते बोलले.” मग दुसरी कोणी, मग तिसरी. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं ते एकच वाक्य देवळात सगळीकडून ऐकू येऊ लागलं. गावकराची स्वतःची बहीण त्यात होती. त्याने मान खाली घातली आणि नाव पुसण्याचा विषय त्यानंतर काढला नाही.

गोमतीकाकू डोळे पुसत उठली आणि एकवीस पायऱ्या उतरून बायजासमोर उभी राहिली. “सासूबाईंची माफी मागायची सोय राहिली नाही,” ती म्हणाली. “तुमची मागते. चला वर.”

बायजा गडबडली. अंगावर चुलीपाशी वापरायचं जुनेर, हाताला कणीक. “थांबा, लुगडं बदलून येते. ट्रंकेत हिरवं आहे.”

“ते पुढच्या वर्षी नेसा,” मथुरा वरून म्हणाली. “सांदण गार होतंय, आत्या.”

बायजाआत्या चढली. प्रत्येक पायरीला हात लावत, मध्ये दोनदा थांबून, ती वर आली. देवीपुढे किती वेळ उभी होती, ते कोणी मोजलं नाही. गुरवाने देवीला नैवेद्य दाखवला आणि प्रसादाचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तिने तो तोंडात टाकला. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिने सावकाश गिळला आणि म्हणाली, “काकवी जराशी कमी पडली.”

देवळात असा हशा पिकला की गावकरालाही आवरेना. मथुरा सगळ्यांत जास्त हसली आणि सगळ्यांत जास्त रडलीही.

त्यानंतर बायजाआत्या जी बोलायला लागली, ती थांबली नाही. तीस वर्षांचं साठलेलं होतं, ते पुढे कितीतरी वर्षं पुरलं. नव्या सुना तिच्याकडे सांदण शिकायला यायच्या आणि ती प्रत्येकीला दरडावायची, “कळलं नाही तर का म्हणून विचार. लाजू नको.” हिरवं लुगडं तिने दर जत्रेला नेसून नेसून फाडलं. तपेलं अजून घरोघरी जातं, कवडीही जाते, फक्त देव्हाऱ्यात बसत नाही. पाण्यात पडते आणि आपलं काम करते. सांदण क्वचित अजूनही बिघडतं, कारण माणसाच्या हातचं आहे. पण आता करपलं तर गाव आधी पाण्याची चौकशी करतं.

तर मुलांनो, आणि मुलांच्या नावाखाली कान देऊन बसलेल्या मोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: रीत जरूर पाळावी, पण ती कशासाठी घातली होती तेही विचारावं, आणि करपल्याचं खापर कोणाच्या माथी फोडण्याआधी तपेल्यात पाणी होतं का, ते बघावं.